लँडिंग गिअरचा बिघाड पुढच्या मालकापर्यंत कसा पोहोचवायचा: घरी बांधलेलं विमान नव्याने घेणाऱ्यांसाठी

अमेरिकेत विमानाला अपघात झाला की एनटीएसबीला, म्हणजे तिथल्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाला, ताबडतोब कळवावं लागतं. अपघात कशाला म्हणायचं हे नियमांच्या ८३० क्रमांकाच्या भागात लिहिलेलं आहे. कुणी दगावलं, कुणी गंभीर जखमी झालं किंवा विमानाचं मोठं नुकसान झालं, तर तो अपघात. पण मोठ्या नुकसानीत काय धरायचं नाही याचीही तिथे यादी आहे, आणि त्या यादीत लँडिंग गिअर (विमान ज्यांवर उतरतं ते पाय), चाकं, टायर आणि ब्रेक आहेत. जमिनीवर प्रोपेलरला लागलेला मारही त्यातच. म्हणजे नोज गिअरचा, अर्थात नाकाखालच्या चाकाचा, पाय वाकला, प्रोपेलर धावपट्टीला घासला आणि आतली माणसं स्वतःच्या पायांनी बाहेर आली, तर सरकारी वहीत बहुधा एक ओळसुद्धा पडत नाही.

त्यात आणखी एक भर. कारखान्यात बनलेल्या विमानात दोष निघाला तर एफएए, म्हणजे अमेरिकेचं विमान वाहतूक खातं, एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह (दुरुस्तीचा सक्तीचा आदेश) काढते आणि मालकाला ते पाळावंच लागतं. आपली विमानं एक्स्पेरिमेंटल अमॅच्युअर-बिल्ट, म्हणजे हौशी माणसांनी बांधलेल्या, वर्गातली, त्यांना ही सक्ती साधारणपणे लागू होत नाही. बांधणीचा संच विकणारी किट कंपनी सर्व्हिस बुलेटिन, म्हणजे तपासणी-दुरुस्तीची सूचना, काढते, पण ते पाळायचं की नाही हे मालकावर. ही मोकळीक मला फार प्रिय आहे. तिच्यामुळेच मी शनिवारी सकाळी हँगरमध्ये जाऊन स्वतःच्या विमानाचे ब्रेक स्वतःच्या हाताने उघडू शकते. मात्र तिच्यासोबत एक काम आपल्याकडे येतं, आणि ते काम नवख्या मालकाला कुणी समजावून सांगत नाही: बिघाड सापडला तर तो स्वतःहून इतरांना कळवायचा. ते कसं करायचं, हे या लेखात लिहिते आहे.

आमचं विमान दोन आसनी, धातूचं, नाकाखाली चाक असलेलं. बांधलं दुसऱ्याने, आम्ही नवरा-बायकोने ते वापरलेलं विकत घेतलं. दुसऱ्या वार्षिक पाहणीत डाव्या मुख्य पायाच्या सॉकेटच्या (पाय ज्यात बसतो त्या खोबणीच्या) वेल्डिंगवर मला केसाएवढी भेग दिसली. हातपाय गार पडले. शेजारच्या हँगरमधल्या, तशाच विमानाच्या मालकाला बोलावून दाखवली, तर तो शांतपणे म्हणाला, “हो, माझ्याही विमानाला होती. याच जागी. मी वेल्डिंग करून घेतलं, तीन वर्षं झाली.” तीन वर्षं आमच्या दोन्ही हँगरमध्ये एक पत्र्याची भिंत होती! तो माणूस मनाने चांगला आहे, अडीअडचणीला सगळ्यात आधी तोच धावून येतो. सांगायचं असतं हे त्याला कधी सुचलंच नव्हतं, कारण त्यालाही कुणी काही सांगितलं नव्हतं.

पहिली पायरी: सगळं ठीक असतानाच मोजमापं घेऊन ठेवा

‘पाय जरा वाकल्यासारखा वाटतो’ असं सांगून कुणाचंच भलं होत नाही. वाकला की नाही हे ठरवायला आधी सरळ असतानाचं माप हवं. म्हणून विमान ताब्यात आलं की पहिल्या महिन्यात एक पान लिहून काढा.

पाय कुठल्या जातीचा आहे ते आधी नोंदवा. व्हॅन्स एअरक्राफ्ट या किट कंपनीच्या आरव्ही मालिकेतल्या बऱ्याच विमानांचे पाय म्हणजे निमुळत्या पोलादी सळया. स्प्रिंगसारख्या पोलादी पायाची कल्पना स्टीव्ह विटमन यांची. ओशकोशच्या विमानतळाला त्यांचं नाव आहे, आणि त्यांचा पाय पुढे सेसनानेही घेतला. लाँग-ईझी या घरी बांधायच्या विमानाचा मुख्य पाय काचतंतू आणि इपॉक्सीचा, कमानीसारखा. कापडी आवरणाच्या जुन्या घाटाच्या विमानांत रबरी बंजी दोर असतात. प्रत्येक जात वेगळ्या तऱ्हेने म्हातारी होते. पोलादाला भेग पडते, इपॉक्सी तापल्यावर नरम पडते, रबर नुसतं पडून राहिलं तरी सैल होतं. विमानाच्या बंजी दोराच्या आवरणात रंगीत धागे विणलेले असतात आणि त्यांवरून तो कुठल्या वर्षी बनला ते कळतं. दोर नवाच दिसतोय एवढ्यावर विश्वास ठेवू नका, धागे बघा.

मग मापं. सपाट जागी, ठरावीक इंधन भरून, दोन्ही बाजूंच्या पंखांच्या टोकांची जमिनीपासूनची उंची. चाकांचा टो-इन, म्हणजे चाकं पुढच्या बाजूने किती आत वळलेली आहेत ते. टायरमधली हवा. नोज व्हीलचा फोर्क (चाक धरणारा चिमटा) कॅस्टर होणारा असेल, म्हणजे मोकळा फिरणारा असेल, तर तो वळायला सुरुवात होईपर्यंत लागणारा जोर, ताणकाटा लावून. फोर्कच्या सर्वांत खालच्या बिंदूचं जमिनीपासूनचं अंतर. टायर आणि रिमवर मिळून एक रंगाची रेघ ओढा. टायर रिमवर सरकला तर रेघ तुटलेली दिसते, आणि हवा कमी असताना सरकलेला टायर व्हॉल्वचं नळकांडं कापू शकतो.

तासांबरोबर लँडिंगही मोजा. इंजिन तासांनी झिजतं, गिअर उतरण्यांनी. एकाच वयाची दोन विमानं असतात. एक लांबच्या प्रवासाला जातं, दुसऱ्यावर नवशिके शिकतात. दोघांचे तास सारखे असले तरी पायांनी सोसलेलं सारखं नसतं. गवतावर किती, डांबरी पट्टीवर किती, हेही अंदाजाने लिहा. आम्हाला विमान मिळालं तेव्हा आधीच्या मालकाकडे हा आकडा नव्हता, आणि भेग सापडल्यावर त्याची उणीव सगळ्यांत जास्त भासली.

दुसरी पायरी: आधीच्यांना काय सापडलं ते शोधा

एनटीएसबीचा अपघातांचा साठा सगळ्यांना खुला आहे. पण घरी बांधलेलं विमान त्यात शोधताना नवखा माणूस हमखास चुकतो. अशा विमानाचा ‘उत्पादक’ म्हणून नोंदणीत बांधणाऱ्याचं नाव असतं, किट कंपनीचं असेलच असं नाही. मॉडेलही ज्याने जसं लिहिलं तसं: कुणी मध्ये आडवी रेघ देतो, कुणी जागा सोडतो, कुणी सगळं एकत्र लिहितो, कुणी विमानाला मुलीचं नाव देतो. म्हणून सगळी लेखनं घालून शोधा, आणि मग अहवालाच्या मजकुरात ‘नोज गिअर’, ‘अॅक्सल’, ‘ब्रेक’ असे भागांचे शब्द घालून पुन्हा शोधा.

असं शोधताना सगळ्यांत शिकण्यासारखं प्रकरण आहे ते व्हॅन्स एअरक्राफ्टच्या आरव्ही मालिकेतल्या नाकचाकी विमानांचं, म्हणजे आरव्ही-६ए, ७ए, ९ए यांचं. या विमानांचा नाकाखालचा पाय ही एकच पोलादी सळई, तिच्या टोकाला मोकळा फिरणारा फोर्क आणि फोर्कच्या तळाशी मोठा नट. काही विमानांत उतरल्यावर किंवा ओबडधोबड जमिनीवरून चालताना पाय मागे लवला, फोर्कचा तळ जमिनीला टेकला, नांगरासारखा रुतला, पाय खाली दुमडला आणि विमान पालथं झालं. पालथ्या विमानाचं पारदर्शक छत जमिनीवर टेकलं की आतल्या माणसाला बाहेर पडणं कठीण. आपल्याला नुसतं ‘पाय वाकला’ असं ऐकू येतं तेव्हा हे चित्र डोळ्यांपुढे येत नाही.

सुटी-सुटी प्रकरणं वाचली तर प्रत्येकाला वेगळं कारण चिकटवता येतं: वैमानिकाने नाकावर उतरवलं, गवतात खड्डा होता, टायरमध्ये हवा कमी होती. २००७ मध्ये एनटीएसबीने अशी अनेक प्रकरणं एकत्र ठेवून पाहिली तेव्हा त्यांतला सारखेपणा दिसला, तो म्हणजे फोर्कच्या तळाचं जमिनीला टेकणं. जमिनीपासून जास्त उंची देणारा फोर्क जुन्या विमानांना बसवण्याबद्दलचं कंपनीचं बुलेटिनही २००७ चंच. पुढच्या मॉडेलांत नोज गिअरला धक्के शोषणाऱ्या रबरी चकत्या आल्या. एकेकट्या मालकाच्या हातात या कोड्याचा एकच तुकडा होता. ते तुकडे शेजारी-शेजारी मांडता आले, म्हणून उत्तर दिसलं.

वापरलेलं विमान घेतलं असेल तर आणखी एक गोष्ट लगेच करा. किट कंपनीच्या यादीत अजूनही बांधणाऱ्याचाच पत्ता असतो, बुलेटिन त्याच्याकडे जातं. किटचा क्रमांक देऊन मालक बदलल्याचं कळवा. एनटीएसबीने २०१२ मध्ये घरी बांधलेल्या विमानांवर मोठा सुरक्षा-अभ्यास प्रसिद्ध केला. २०११ मधले २२४ अपघात त्यांनी तपासले, त्यांतली निम्म्याहून जास्त विमानं वापरलेली विकत घेतलेली होती. अपघातांची मुख्य कारणं इंजिन आणि हवेत सुटलेला ताबा ही होती, गिअर नव्हे, हेही स्पष्ट सांगायला हवं. तरी नवा मालक आणि जुनं ज्ञान यांच्यातली दरी त्या आकड्यात दिसते.

तिसरी पायरी: बघायचं कुठे

वर्षातून एकदा कंडिशन इन्स्पेक्शन करून लॉगबुकात नोंद घालावी लागते, ती होतेच. मी सांगते आहे ते त्याव्यतिरिक्त, दर २५ तासांनी आणि प्रत्येक जड लँडिंगनंतर. हवेचा अडथळा कमी करायला चाकांवर बसवलेली झाकणं काढा. झाकणाखाली काय चाललंय ते झाकण न काढता कळत नाही.

वेल्डिंगच्या कडा स्वच्छ पुसून भिंगाने बघा. रंगावरची रेघ ही रंगाचीच आहे की धातूची, अशी शंका आली तर डाय पेनेट्रंट वापरा: लाल द्रव लावा, थांबा, पुसा, पांढरा डेव्हलपर फवारा. भेग असेल तर लाल रेघ वर येते. बोल्ट टॉर्क करून, म्हणजे ठरावीक जोराने आवळून, त्यावर रंगाचा ठिपका दिलेला असेल तर तो फुटलाय का बघा. भोकं लांबट झाली आहेत का, कॉटर पिन जागेवर आहे का. चाक उचलून हाताने फिरवा आणि बेअरिंगचा आवाज ऐका. नोज व्हील अडत फिरत असेल तर ते दुर्लक्ष करण्यासारखं नाही, चाक अडलं की पाय मागे ओढला जातो.

ब्रेककडे नीट बघा. मोकळ्या नोज व्हीलचं विमान जमिनीवर वळवायला एका बाजूचा ब्रेक दाबावा लागतो, त्यामुळे नवखे लोक नकळत ब्रेक तापवत ठेवतात. तापलेल्या ब्रेकची ओ-रिंग (सील करणारं रबरी कडं) गळली तर तेल थेट तप्त चकतीवर पडतं. लाल रंगाचं जुनं ५६०६ जातीचं खनिज तेल पेट घेतं. ८३२८२ जातीचं तेल त्यापेक्षा उशिरा पेटतं. गाडीचं ब्रेक ऑइल मात्र यात कधीही घालू नका, खनिज तेलासाठीची सीलं त्याने फुगून खराब होतात. लाँग-ईझीवाल्यांना हीच उष्णता दुसऱ्या तऱ्हेने छळते, इपॉक्सीचा पाय ब्रेकजवळ नरम पडतो. म्हणून तिथे उष्णतारोधक अस्तर आहे की नाही हे तपासायचं.

चौथी पायरी: सापडलं की हात मागे, कॅमेरा पुढे

पहिली ऊर्मी असते पाना हातात घेण्याची. थांबा. नट किती सैल होता, वॉशर कुठल्या क्रमाने होते, तुटलेला तुकडा कुठल्या बाजूला पडला होता, हे एकदा हात लावला की परत कळत नाही. लांबून एक फोटो, जवळून एक, आणि शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून एक. तुटलेल्या तोंडाला ब्रश लावू नका, दोन तुटलेली तोंडं एकमेकांना जुळवून बघू नका. धातू वारंवार ताण येऊन हळूहळू तुटला की एका फटक्यात तुटला, हे जाणकार माणूस त्या तोंडाच्या पोतावरून सांगू शकतो, पण ते घासलं गेलं नसेल तरच. तुकडा पिशवीत घाला आणि पिशवीवर तारीख लिहा.

फोटो इतरांना पाठवण्याआधी शेपटीवरचा नोंदणी क्रमांक झाकायला विसरू नका. दुसऱ्याच्या विमानाचा क्रमांक तर अजिबात दिसू देऊ नका, त्या क्रमांकावरून मालकाचं नाव सापडू शकतं.

पाचवी पायरी: लिहायचं कसं

इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण बहुतेक माहिती इथेच वाया जाते. मालकांच्या गटात येणारा नेहमीचा निरोप असा असतो:

“गिअरला क्रॅक होता, वेल्ड करून घेतला, आता ओके. सगळ्यांनी चेक करा.”

सांगणाऱ्याचा हेतू शंभर टक्के चांगला. पण वाचणाऱ्याने नेमकं काय चेक करायचं? कुठला पाय, कुठली कड, किती तासांनी, कसं दिसलं, आधी काही जड लँडिंग झालं होतं का, यातलं काहीच नाही. आठवड्याभरात तो निरोप खाली जातो आणि विसरला जातो. आता आमच्या भेगेबद्दल मी जे लिहिलं ते देते:

“विमान दोन आसनी, नाकचाकी, धातूचं. एकूण ६१२ तास. लँडिंग अंदाजे १,१००, त्यातली सुमारे ३०० गवतावर. आधीच्या मालकाच्या काळातला आकडा इंधनाच्या नोंदींवरून काढलेला, कमी-जास्त असू शकतो. भाग: डाव्या मुख्य पायाचं सॉकेट, वेल्डिंगची पुढची खालची कड. भेग १४ मिलिमीटर, वेल्डिंगच्या कडेला समांतर. उजवीकडे नाही, डाय पेनेट्रंटने तपासलं. सापडली वार्षिक पाहणीत, रंगावर तपकिरी रेघ दिसली म्हणून. आमच्या काळात जड लँडिंग झालेलं नाही, त्याआधीचं माहीत नाही. सॉकेट काढून नवं बसवलं, जुनं जपून ठेवलं आहे. माझा अंदाज: आमच्या हँगरसमोरच्या खड्ड्यातून दर वेळी डावं चाक जातं, त्याचा संबंध असावा. हा फक्त अंदाज आहे. शेजारच्या तशाच विमानातही याच जागी भेग निघाली होती, मालकाच्या परवानगीने सांगते.”

यात बघण्यासारख्या दोन-तीन गोष्टी आहेत. दिसलं ते आणि वाटलं ते वेगळं ठेवलं आहे. माहीत नाही तिथे तसं लिहिलं आहे. उजवीकडे भेग नव्हती हेही सांगितलं आहे, कारण न सापडणं हीसुद्धा माहिती असते. आणि सर्वांत महत्त्वाचं, निरोपात कुठेही टॉर्कचा आकडा नाही. तो मी मुद्दाम कधीच देत नाही. दुसऱ्याच्या विमानाचा बोल्ट वेगळ्या मापाचा असू शकतो, आराखड्याची आवृत्ती वेगळी असू शकते, आणि लोक आकडा तेवढा उचलतात. ‘आपल्या आराखड्यातला आकडा बघा’ एवढंच लिहा.

मराठी माणसाला एक भीती असतेच: लोक काय म्हणतील, आपलंच चुकलं असं दिसेल. चुकलं असेल तर तेही लिहा. नट घट्ट करायला विसरले, हे कबूल करणारा निरोप वाचून दहा जण आपला नट बघायला जातात. धातूलाच दोष देणारा वाचून कुणीच जात नाही.

सहावी पायरी: किती घाईचं आहे ते ठरवा

सगळंच ‘तातडीचं’ म्हणून पाठवलं तर लोक वाचायचं सोडून देतात. विमानांचे आराखडे करणारे बर्ट रुटान यांच्या कंपनीचं ‘कॅनार्ड पुशर’ नावाचं पत्रक निघायचं. व्हॅरीईझी आणि लाँग-ईझी बांधणाऱ्यांना त्यातून आराखड्यातले बदल कळायचे. प्रत्येक बदलापुढे त्याची तीव्रता लिहिलेली असायची: काहींसाठी विमान लगेच जमिनीवर ठेवायचं, काही अमुक तासांच्या आत करायचे, काही केले तर बरे, काही ऐच्छिक, आणि काही नुसत्या छपाईच्या चुका. इंटरनेट नव्हतं, पत्रक टपालाने यायचं, पण वाचणाऱ्याला पहिल्याच शब्दात कळायचं की आज उडायचं की नाही.

मी तीनच शिक्के ठेवते. उडण्याआधी बघा. पुढच्या पाहणीत बघा. माहितीसाठी. पहिला शिक्का मारण्याआधी स्वतःला विचारते: हे मोडलं तर विमान पालथं होईल किंवा पेटेल का? आणि माझ्याखेरीज निदान आणखी एका विमानात हे दिसलं आहे का, किंवा एखाद्या जाणकाराने तुकडा पाहिला आहे का? पहिल्याचं उत्तर हो असेल तर दुसऱ्यासाठी थांबत नाही, फक्त ‘अजून एकाच विमानात दिसलं आहे’ असं सोबत लिहिते.

सातवी पायरी: कुणाकुणाला

सर्वांत आधी किट कंपनीला, कारण बुलेटिन काढणं तिच्याच हातात आहे. त्याच दिवशी चाक किंवा ब्रेक बनवणाऱ्याला, भाग त्यांचा असेल तर. मग त्या मॉडेलच्या मालकांच्या गटाला. ईएए ही घरी विमानं बांधणाऱ्यांची संस्था, पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ मध्ये सुरू केलेली. तिच्या शाखांमध्ये टेक्निकल काउन्सेलर असतात, ते विमान बघायला येतात आणि त्याचे पैसे घेत नाहीत. लिहिण्याआधी त्यांना दाखवलंत तर निरोप दुप्पट उपयोगी होतो. एफएएकडे बिघाड आणि दोष कळवण्याचा वेगळा अर्ज आहे. तो भरायला पंधरा मिनिटं लागतात, आणि पुढे कुणी तो भाग शोधला तर सापडतो.

नाव उघड होण्याची किंवा कारवाईची धास्ती असेल तर नासाची एएसआरएस ही विमानसुरक्षेचे अहवाल गुप्तपणे घेणारी व्यवस्था आहे, १९७६ पासूनची. तुम्ही नासाला लिहायचं, नासा नाव-गाव काढून टाकते आणि मगच माहिती पुढे जाते. हातून अनवधानाने नियम मोडला असेल आणि १० दिवसांच्या आत अहवाल पाठवला असेल, तर ठरावीक अटींवर दंडातून सूट मिळते. अपघात आणि गुन्हे मात्र त्यात बसत नाहीत. ब्रिटनमध्ये असाल तर चित्र बरंच वेगळं आहे: तिथे विमान लाइट एअरक्राफ्ट असोसिएशनच्या देखरेखीखाली परमिटवर उडतं, तेव्हा आपल्या इन्स्पेक्टरला सांगितलं की साखळी सुरू होते.

भारतातून मला कधी कधी विचारणा येते. आपल्याकडे घरी विमान बांधणं म्हटलं की कॅप्टन अमोल यादव आठवतात. कांदिवलीतल्या चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं, २०१६ मध्ये ते मुंबईत ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिलं आणि २०१९ मध्ये डीजीसीएने, म्हणजे भारताच्या विमान वाहतूक नियामकाने, त्याला उड्डाणाची परवानगी दिली. असं एकुलतं एक विमान असलं की त्या मॉडेलच्या मालकांचा गट कुठून आणायचा? अशा वेळी विमानाच्या नावाने शोधू नये, भागाच्या नावाने शोधावं. चाक, ब्रेक कॅलिपर, टायर, बेअरिंग हे सुटे भाग जगात इतर अनेक विमानांना लागलेले असतात. सांगतानाही तसंच: निरोपाच्या मथळ्यात भागाचं नाव आणि क्रमांक आधी, विमान नंतर.

दुसऱ्याचा निरोप वाचताना

आलेला प्रत्येक उपाय आपल्या विमानाला लावू नका. वर्णन वाचा, आपली ती जागा बघा, आपल्या पहिल्या पानावरच्या मापांशी ताडून पाहा. कुणी पाय जाड केला, कुणी आधाराची पट्टी लावली: असे बदल ताण दुसरीकडे ढकलतात, आणि ती दुसरी जागा कदाचित विमानाच्या सांगाड्यात असते. मोठा बदल करायचा तर ऑपरेटिंग लिमिटेशन्स, म्हणजे आपल्या विमानाला घातलेल्या उड्डाणाच्या अटी, वाचा. एफएएच्या स्थानिक कार्यालयाला कळवून विमान पुन्हा चाचणी उड्डाणांच्या टप्प्यात न्यावं लागतं, किमान ५ तासांसाठी. बघितलंत आणि काही सापडलं नाही, तर तेही त्याच निरोपाखाली दोन ओळींत लिहा, तासांसकट. बारा जणांनी ‘बघितलं, नाही’ लिहिलं की तेराव्याच्या विमानात निघालेल्या भेगेचं वजन कळतं.

आणि आपला निरोप उघडा सोडू नका. दुरुस्तीनंतर ५० तासांनी परत तीच जागा तपासा आणि मूळ निरोपालाच जोडून लिहा. आमचं नवं सॉकेट ५० तासांना स्वच्छ होतं, १०० लाही. शेजाऱ्याच्या विमानात मात्र वेल्डिंग केलेल्या जागेशेजारी पुन्हा एक बारीक रेघ निघाली. ती त्याने स्वतः शोधली, पट्टी ठेवून फोटो काढला आणि त्या संध्याकाळीच गटात लिहिलं, उजव्या-डाव्या बाजूसह. मजकूर पाठवण्याआधी तो आमच्या हँगरमध्ये येऊन मला वाचून दाखवत होता. त्यात लँडिंगचा आकडा राहिला होता, तेवढा आम्ही दोघांनी त्याच्या लॉगबुकातून मोजून घातला.